सहाशे घोडे आणि झेंडूचा हार

सोमाटणे ते लोणावळ्याचं वलवण हा काही लिहिण्यासारखा प्रवास नव्हे. जुन्या हायवेनं निघालात आणि वाटेत चहा घेतलात, तरी तासाभरात पोचता. मला दीड दिवस लागला. तळहातांना फोड आले, डाव्या पायात पेटके आले, आणि इतकी मजा मी गेल्या कित्येक वर्षांत केली नव्हती. परत आल्यावर मिरजेत ज्यानं त्यानं विचारलं, "लोणावळ्याला काय पाहिलंस?" तेव्हा मला सांगता येईना. पाहिलं फारसं काही नाही. रस्त्यावरचा एकेक उंचवटा मात्र तोंडपाठ झाला.

मी मिरजेच्या एका तंत्रनिकेतनात सव्वीस वर्षं ऑटोमोबाईल शिकवते. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि माझ्या बाकावर बसायची हिंमत एकट्या नसीरनं केली होती. नसीर मूळचा वडिवळ्याचा. आता सोमाटण्यात त्याचं गॅरेज आहे. दिवसभर लोकांच्या गाड्या नीट करायच्या आणि संध्याकाळी दोन तास स्वतःची गाडी बांधायची, असं त्याचं सहा वर्षं चाललं आहे. ही गाडी म्हणजे ड्रॅग कार. सरळ रस्त्यावर पाव मैल, जागेवरून सुटायचं आणि शेवटाला पोचायचं, एवढंच तिचं काम. वळायचं नाही, थांबायची घाई नाही, सामान न्यायचं नाही. एका जुन्या सेडानच्या पोटात त्यानं टर्बो बसवलेलं सहाशे अश्वशक्तीचं इंजिन घातलं आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात हवा कोंबत राहतो. हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणते, असं माझे यजमान सांगतात.

सप्टेंबरात नसीरचा फोन आला. "शोभे, तुला गाडी चालवायचीय."

"माझ्याकडे आहे गाडी."

"ती न्हाई. माझी."

मावळातल्या हौशी लोकांचं एक छोटं मंडळ आहे. ड्रॅग कार रस्त्यावरही चालली पाहिजे, नुसती ट्रेलरवर मिरवता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी ते एक फेरी ठेवतात. खंडेनवमीला सोमाटण्याहून निघायचं, पवनानगर आणि कामशेत करत वडिवळ्याला मुक्काम करायचा, आणि दसऱ्याला दुपारी बाराच्या आत वलवणला पोचायचं. गाडी स्वतःच्या इंजिनावर आली पाहिजे. मालक आत बसलेला हवा, चालवणारा दुसरा असला तरी चालेल. बॉनेटला विजेच्या मीटरला असतं तसं शिशाचं सील लावतात, ते तुटलं की गाडी बाद.

नसीर दोनदा बाद झाला होता. पहिल्या वर्षी कामशेतच्या गर्दीत पाणी उकळलं आणि बॉनेट उघडावं लागलं. दुसऱ्या वर्षी गतिरोधकावर ऑईलचा चेंबर फाटला. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि त्या गाडीचा क्लच दाबणं म्हणजे भरलेलं पिंप पायानं ढकलणं.

"गावात एवढे ड्रायव्हर आहेत. मीच का?" मी विचारलं.

"त्यांना पळवायचीय. मला पोचवायचीय."

सोमाटणे, खंडेनवमी

गॅरेजमध्ये सकाळीच पाने, स्क्रूड्रायव्हर आणि जॅक पाटावर मांडून कामगारांनी पूजा केली होती. नसीरनं नारळ फोडला. मंडळाच्या माणसानं बॉनेटला सील ठोकलं, आणि नसीरची बायको शमीम आमचा डबा घेऊन आली. डबा देता देता तिनं मला कंप्रेसरच्या मागे ओढलं.

"ताई, तुमाला सांगितलं का त्यांनी? गेल्या साली मी रागात बोलले. म्हटलं, ह्या गाडीपायी घरात माणूस दिसत न्हाई. तर म्हणाले, आणखी एकदा बघतो, तिसऱ्यांदा जमलं न्हाई तर खोलून टाकतो. आता म्हणतात, जबान दिली."

"मग तू सांग ना, नको खोलू म्हणून."

"सांगितलं की! ऐकतात व्हय? ताई, गाडी खोलली तर हा माणूस संध्याकाळी करंल काय? माझ्या डब्यांची झाकणं मोजत बसंल. पोचवा हो तेवढी."

तोवर मी सहलीला आल्यासारखी होते. नसीर शब्दाचा पक्का माणूस, वर्गात असल्यापासूनचा. पोचलो नाही तर हा खरंच सहा वर्षं पान्यानं उलटी फिरवणार, आणि चाक माझ्या हातात असणार.

पवनानगरच्या वाटेवर

किल्ली फिरवली आणि शेजारच्या दुकानातल्या बरण्या वाजल्या. गाडीत गाद्या नाहीत, पत्र्याला अस्तर नाही. सगळा आवाज थेट पाठीच्या कण्यातून येतो. मागची टायरं रुंद आणि मऊ, त्यामुळे रस्त्यावरचा खडा न खडा उचलून ती आतून पत्र्यावर मारतात. टर्बोची शीळ घुमू लागली की मला नकळत हसू यायचं. पाय जरा जास्त पडला तर गाडी पुढे झेपावायची, आणि पाय उचलला की खिडकीबाहेर फुस्स करून हवा सोडायची. त्या आवाजाला एक म्हैस बुजली आणि एक आजोबा खूश झाले.

खरी परीक्षा गतिरोधकांची. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. त्यासाठी नसीरनं दोन जाड फळ्या आणल्या होत्या. गतिरोधक आला की थांबायचं, नसीरनं लंगडत उतरून फळ्या मांडायच्या, मी त्यावरून मुंगीच्या पावलानं गाडी चढवायची, त्यानं फळ्या उचलून परत यायचं. पाचव्या गतिरोधकाला आमच्यामागे एक एसटी, दोन दुधाच्या मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर उभा होता. मिरजेत लोक असल्या वेळी हॉर्न वाजवतात. मावळात खाली उतरून मत देतात.

"मॅडम, तिरकी घ्या, तिरकी!"

"अवं, फळी अजून वर सरकवा. पोट घासतंय."

शेवटी एसटीचा ड्रायव्हरच उतरला. "माझं टायमिंग जातंय," असं म्हणत त्यानं नसीरच्या हातातली फळी घेतली, डोळा बारीक करून मांडली, आणि आम्ही पलीकडे उतरल्यावर विचारलं, "किती देते?"

हा प्रश्न आम्हाला दिवसभर विचारला गेला, आणि सगळ्यांचा तो मायलेजबद्दल होता. नसीरनं खरं उत्तर दिलं, "लिटरला तीन." ड्रायव्हरनं सहानुभूतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पवनानगरपुढच्या चढाला रस्ता मोकळा मिळाला. दोन्ही अंगांना भातखाचरं पिवळी पडू लागलेली, मागे धरणाचं पाणी, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम जागं. सहाशे घोडे पायाखाली आणि त्यातले पाचशेऐंशी झोपलेले, हे मला त्या चढावर कळलं. एखाद्या तालमीतल्या पैलवानाला पाळणा हलवायला बसवावं तसं चाललं होतं. तरी त्याला पाळणा नीट हलवता येत होता, याचा मला विलक्षण आनंद झाला. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

वडिवळे

वडिवळ्याला नसीरच्या थोरल्या भावाचं घर आहे. माझं नवरात्र आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी वहिनींनी तांदळाची भाकरी, सुक्या पावट्याची आमटी आणि ठेचा केला होता, आणि सगळं घर तेच जेवलं. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी आधी लाडावलेली वाटते. तिसरी खाताना मत बदललं.

जेवणाआधी, उजेड होता तेव्हाच, शेजारचे सोपानआबा गाडी बघायला आले. सत्तरीचे, काटक. त्यांच्या गोठ्यात शर्यतीचे दोन बैल. दिवसभर मी लोकांना गाडी समजावून थकले होते. हिला डिकी का नाही, मागचं सीट का नाही, एवढी ताकद आहे तर मुंबईला का नेत नाही. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या टायरवर बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवावा तसा हात ठेवला.

"किती पळती?"

"पाव मैल," नसीर म्हणाला.

"किती सेकंद?"

"अकरा."

"म्हंजी बारीच की ही!"

आमच्या सांगलीकडे बैलगाड्या लांबलचक माळावर एकमेकींशी पळतात. इकडे तसं नाही. इकडे घाट असतो, म्हणजे चढाची आखूड सरळ धाव. त्यावर एका वेळी एकच गाडा सुटतो आणि निकाल सेकंदावर लागतो. त्या एका धावेला बारी म्हणतात. माझ्या सव्वीस वर्षांच्या अध्यापनात ड्रॅग रेसिंग इतक्या लवकर कुणाला समजलं नव्हतं.

"पर हिला रस्त्यानं का आणली?" आबा मला म्हणाले, जरा रागावूनच. "घाटातला बैल आमी टेम्पोतनं नेतो. चालवत नेला तर पाय ऱ्हातील का त्येचे?"

मी मंडळाचा नियम सांगितला. आबांनी विचार केला. "मंग तर मोठंच काम हाय," असं म्हणून ते गेले.

दसरा

सकाळी आठला मी बाहेर आले तर गाडी ओळखू येईना. बॉनेटवर गुलाल. पुढून, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, हाताच्या मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. हा हार आबांनी दसऱ्यासाठी आपल्या थोरल्या बैलाला केला होता.

"घाटात पयल्या येणाऱ्या बैलाचा मान हाय," आबा म्हणाले. "आज हिचा."

नसीरच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी गाडीवर कुणी बोट ठेवलं तरी फडकं घेऊन धावणारा हा माणूस, हाराकडे बघत नुसता उभा राहिला. मी त्या दोघांचा फोटो काढला. मग आबांनी माझा काढला, हाराला हात लावून. रेडिएटरसमोरून वारा मोकळा गेला पाहिजे, हा मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवायचा धडा. न येणाऱ्याला मी तासभर बाहेर उभं करते. आणि त्याच रेडिएटरवर टांगलेल्या मणभर झेंडूला हात लावून मी हसत उभी होते, असा फोटो आज माझ्या फोनमध्ये आहे.

कामशेतपर्यंत सगळं ठीक होतं. लोक हात करत होते, आम्ही हात करत होतो. कामशेतच्या बाजारात दसऱ्याची गर्दी, गाडी पावलापावलानं. हायवेला लागलो तेव्हा पाण्याच्या तापमानाचा काटा शंभरावर होता.

"हार!" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो.

हार काढला. निम्म्याच पाकळ्या हातात आल्या, उरलेल्या पंख्यानं आत ओढून घेतल्या होत्या. गाडी जरा निवली, पुढे निघालो, काटा परत वर. मी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आमच्या अंगावर येईल. ऑक्टोबरच्या उन्हात, खिडक्या उघड्या, पायावर भट्टी. कार्ला फाटा ओलांडला आणि काटा एकशे आठवर गेला. मी गाडी एका जांभळाखाली घेतली. सव्वादहा वाजले होते.

दोष कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्या जाळीमागे टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, त्यामागे दोन बोटं फट सोडून रेडिएटर, आणि त्या फटीत पाकळ्यांचा गच्च थर. बॉनेट उघडलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण सील. नसीरनं जॅक लावून गाडीचं तोंड उचललं, तरी खालून हात फटीत जाईना. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला तर नसीरनं तो काढून घेतला. रेडिएटरच्या पातळ पात्यांना एक भोक पडलं की खेळ खलास.

मग तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला, दुखरा पाय लांब करून. "जाऊ दे शोभे. निदान ह्या साली हारानं गेली. मानानं गेली म्हणायचं."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? माझ्या हातून झालं होतं ते.

झाडाच्या पलीकडच्या अंगाला एक मावशी खेकडे विकायला बसली होती. हिरवं लुगडं, पुढ्यात ओल्या गोणपाटानं झाकलेली पाटी. ती उठून आली.

"काय अडाकलंय?"

"फुलं," मी म्हटलं. ऐकायलाच किती मूर्खपणाचं वाटलं.

तिनं जमिनीवर आडवी होऊन खालून बघितलं. उठली, आपल्या पाटीजवळ गेली आणि एक काडी घेऊन आली. हातभर लांब, बोटाहून बारीक, टोकाला तारेचा छोटासा आकडा. खाचराच्या बांधातल्या बिळातून खेकडा काढायची काडी.

"मावशी, आत लय नाजूक हाय," नसीर घाईनं म्हणाला. "भोक पडलं तर—"

"खेकड्याची नांगी मोडली तर कोन घेतं? एक तरी मोडकी दाव माझ्या पाटीत."

नसीरनं खरोखरच पाटीत डोकावून पाहिलं. एकही मोडकी नव्हती. तो बाजूला सरला.

तिचं नाव सोमीमावशी, वरच्या ठाकरवाडीतली. गोणपाट अंथरून ती बंपरखाली उताणी झाली आणि काडी फटीत घातली. मला वाटलं ती खरवडेल. तिनं खरवडलं नाही. काडी आत सरकवायची, थांबायचं, बोटांत हलकेच फिरवायची, आणि काहीतरी आकड्याला लागलं की अगदी सावकाश खाली आणायची. एक पाकळी. मग दोन चिकटलेल्या. मग हाराच्या दोऱ्याचा तुकडा आणि त्याच्यामागून अख्खं फूल.

"घाई करायची न्हाई," ती खालून म्हणाली. "रेटलं का आत जातंय. आपसूक आलं पायजे."

पावणेअकरा. अकरा. पाकळ्यांचा ढीग गोणपाटावर वाढत होता आणि मी घड्याळाकडे बघायचं सोडून तिच्या मनगटाकडे बघत होते. मी मुलांना हत्यारं धरायला शिकवते. असं हत्यार धरलेलं मी पाहिलं नव्हतं. अकरा वाजून गेल्यावर ती बाहेर आली, केसांत झेंडू. नसीरनं खालून टॉर्च मारला. पात्यांमधून पलीकडचं अंधुक दिसत होतं.

"मावशी, काय देऊ तुमाला?" नसीरनं हात जोडले.

ती गाडीकडे बघत लाजली. "लांबनं आवाज आलता. वाघावानी. येकडाव वरडव की तिला."

नसीरनं जॅक काढला, मी किल्ली फिरवली आणि उभ्या गाडीत पाय दिला. टर्बोची शीळ चढत गेली, जांभळावरचे पक्षी उडाले, पाटीतले खेकडे एकमेकांवर चढले, आणि सोमीमावशी दोन्ही हातांनी कान झाकून खदखदा हसली. मग तिनं पदराच्या गाठीतून आपट्याची पानं काढून आम्हा दोघांच्या हातावर ठेवली. सोनं घेतल्यावर सोनं द्यावं लागतं. आमच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून नसीरनं तिच्याच पानांतलं एक तिला परत दिलं.

वलवण

दसऱ्याच्या सुट्टीला निम्मी मुंबई लोणावळ्यात. वलवणच्या अलीकडे गाड्यांची रांग, दुतर्फा चिक्कीच्या पिशव्या. दर दोन हातांवर क्लच. डाव्या पायाला पेटका आला तेव्हा मी मांडीवर बुक्की मारली आणि पाय दाबून धरला. नसीर डोळे मिटून बसला होता.

"काटा सांग," तो म्हणायचा.

"नव्वद."

"आता?"

"नव्वदच आहे. डोळे उघड, माणसा."

मंडळानं वलवणच्या धरणाच्या अंगाला एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार घेतलं होतं. फाटकातून आत शिरलो तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. तपासणाऱ्या माणसानं वाकून सील पाहिलं. त्याच्या तारेत एक केशरी पाकळी अडकली होती. ती त्यानं फुंकरीनं उडवली, शिसं नखानं हलवून बघितलं, आणि कार्डावर शिक्का मारला.

नसीरनं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि फोन लावला. "शमीम, पोचलो."

पलीकडून काय आलं ते ऐकायची गरजच पडली नाही, कारण शमीम फाटकाशीच उभी होती. शेजाऱ्याच्या रिक्षानं दहालाच येऊन गर्दीत थांबली होती, नसीरला दिसू नये म्हणून. फोन कानाला तसाच धरून ती चालत आली.

पोचलेल्या प्रत्येक गाडीला आवारातल्या सरळ रस्त्यावर एक धाव घ्यायची मुभा होती. दोन्ही बाजूंनी भिंत, मधे चिटपाखरू नाही. गाडीत सीटं दोनच. नसीरनं हेल्मेट उचललं, आणि बायकोकडे धरलं.

"तुमी बसा की," ती म्हणाली.

"मी रोज बसतो. तू बस."

तिनं ओढणीवरून हेल्मेट चढवलं. मी पट्टे आवळले. झेंडा पडला आणि या वेळी मी पाय कुठेच अडवला नाही. झोपलेले सगळे घोडे एकदम उठले. छाती पाठीला लागली, भिंती धूसर झाल्या, शीळ इतकी उंच गेली की ऐकू येईनाशी झाली, आणि मी श्वास घ्यायच्या आत रस्ता संपला. गाडी थांबली. शेजारी पाहिलं. शमीमचे डोळे हेल्मेटमध्ये एवढाले झाले होते आणि गाल ओले होते.

आम्ही हळूहळू परत आलो. नसीर सुटण्याच्या रेषेवर जिथे उभा होता तिथेच उभा होता. सहा वर्षांत त्यानं आपली गाडी बाहेरून पळताना कधी पाहिली नव्हती. लंगडत येऊन त्यानं दार उघडलं आणि बायकोला हात दिला.

शमीमनं हात घेतला नाही. हेल्मेटची काच वर केली आणि त्याच्याकडे रोखून बघितलं.

"सहा वर्षं," ती म्हणाली, "तुमी एकटेच बसत होता व्हय हितं?"

नसीर दार धरून उभा राहिला, आणि शमीम काही केल्या उतरेना.